माळरानासाठी दुर्बीण: झूमचा नाद सोडा, आठ पटींची घ्या

नान्नजच्या माळावर काळवीट पाहायला निघालेला माणूस दुर्बीण घेताना पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती लांबचं दिसेल?’ हा. दुकानदार त्याला आवडेल तेच उत्तर देतो आणि १०-३०×६० छापलेलं झूम दुर्बिणीचं खोकं पुढे सरकवतो. थोड्याच दिवसांत ती दुर्बीण कपाटात जाते. तीस पटींना चित्र अंधारं आणि थरथरतं दिसतं, दहा पटींनाही हरणं सापडता सापडत नाहीत. दोष घेणाऱ्याच्या डोळ्यांचा नसतो. सोलापूरच्या माळावर किती लांबचं दिसणार हे भिंगापेक्षा हवा जास्त ठरवते, आणि तापलेल्या हवेपुढे जादा पटींची मात्रा चालत नाही.

म्हणून इथे विचार करायचा तो एकाच, न बदलणाऱ्या वर्धनाच्या दुर्बिणीचा. परदेशात मोठ्या जनावरांची शिकार करणाऱ्यांमध्ये रायफलीवरच्या स्कोपबद्दल हाच वाद चालतो, चार-सहा पटींचा स्थिर स्कोप बरा की झूमचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि काळवीट, माळढोक दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा तो प्रश्न मिटलेला आहे. तरीही काही जण ऑनलाइन मिळणारा एअरगनचा स्कोप एका डोळ्याची दुर्बीण म्हणून मागवतात. मागवू नका. मागे बसणारा धक्का चुकावा म्हणून रायफलीचा स्कोप डोळ्यापासून आठ-दहा सेंटीमीटर लांब धरायचा असतो, एअरगनचे स्कोपही त्याच घडणीचे. नुसत्या हातात तो स्थिर राहत नाही, दृश्य अरुंद मिळतं, आणि अभयारण्याच्या हद्दीजवळ तसली वस्तू हातात असणं म्हणजे आपण होऊन ओढवून घेतलेली चौकशी.

खोक्यावरचे आकडे

८×४२ मधला ८ म्हणजे वर्धन: ४०० मीटरवरचं हरीण ५० मीटरवर असल्यासारखं दिसेल. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की आयपीसमधून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. खोक्यावर तो ठळक छापलेला नसतो, पण सगळ्यात कामाचा तोच.

८×४२: ५.२५ मिमी
१०×४२: ४.२ मिमी
८×३२: ४ मिमी
७×५०: ७.१ मिमी
१०×२५: २.५ मिमी
झूम ३०×६०: २ मिमी

भर उन्हात डोळ्याची बाहुली २-३ मिमी उघडते, झुंजूमुंजू वेळी ५ ते ७ मिमी. वयाबरोबर ती कमी उघडू लागते, पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचाच्या आसपास अडते. माळावरची जनावरं पहाटे आणि दिवेलागणीला हिंडतात, म्हणजे आपल्याला प्रकाश हवा असतो तो नेमका बाहुली मोठी असताना. २ मिमीची झूम दुर्बीण अशा वेळी उघड्या डोळ्यापेक्षाही अंधारं चित्र देते. उलट ७×५० चे ७.१ मिमी पन्नाशीच्या माणसाला पुरते वापरताच येत नाहीत, आणि गळ्यात किलोभर ओझं मात्र राहतं.

काही माहितीपत्रकांत ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा आकडा मिरवलेला असतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की तो मिळतो. ८×४२ चा येतो १८.३, आणि कुठल्याही भिकार २०×५० चा ३१.६! काचेचा दर्जा त्यात कुठेच मोजलेला नाही. त्याकडे पाहू नका.

पुढचा आकडा दृश्यक्षेत्राचा. तो अंशांत किंवा ‘१००० मीटरवर इतके मीटर’ असा देतात. एक अंश म्हणजे १००० मीटरवर सुमारे साडेसतरा मीटर. ३०० मीटरवर ८ अंशांची दुर्बीण ४२ मीटर रुंद पट्टा दाखवते, ६ अंशांची ३१ मीटर आणि साडेतीन अंशांची झूम जेमतेम १८. जंगलात वाट, ओढा, झाडाचं खोड असे धरायला आधार असतात. माळावर चहूकडे सारखंच पिवळं गवत, त्यात १८ मीटरच्या खिडकीतून पळता कळप शोधायचा म्हणजे घाम फुटतो. आठ पटींत साडेसात-आठ अंश मिळाले तर उत्तम, साडेसहाच्या खाली जाऊ नका.

चष्मा असेल तर ‘आय रिलीफ’ आधी बघा. काचेपासून किती अंतरावर डोळा ठेवला तरी पूर्ण दृश्य दिसतं, ते हे अंतर. चष्मेवाल्याला किमान १६ मिमी, जाड फ्रेम असेल तर १८ लागतात. स्वस्त दुर्बिणींत ते ११-१२ मिमीच असतं, मग ८ अंशांतले पाच-साडेपाचच पदरात पडतात.

हवा नाचायला लागली की

उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून वर चढते, गार हवा खाली येते. गरम आणि गार हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून लांबच्या वस्तूच्या कडा हलायला लागतात. काळवीटाचे पाय वितळल्यासारखे दिसतात, शिंगांचा पीळ मोजता येत नाही. हे हलणं दुर्बीण वस्तूइतक्याच पटींनी मोठं करते. वीस पटींनी पाहिलं तर वीस पट मोठं हलणं दिसतं, तपशील एकही वाढत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना सकाळी साडेआठ-नऊनंतर अर्ध्या किलोमीटरपलीकडचं पाहण्यात अर्थ उरत नाही. हुरड्याच्या दिवसांत दहा-साडेदहापर्यंत निभावतं. नांगरलेली काळी रानं गवतापेक्षा लवकर तापतात, त्यामुळे नजरेच्या रेषेत असा पट्टा येत असेल तर जागा बदला. उंचीने फार फरक पडतो. सगळ्यात जास्त हलते ती जमिनीलगतची हवा, म्हणून बसून पाहण्यापेक्षा उभं राहून आणि उभं राहण्यापेक्षा मनोऱ्यावरून चित्र निवळ दिसतं. पावसाची सर पडून गेल्यावर, ढग दाटलेले असताना दुपारीही हवा शांत मिळते. जुलै-ऑगस्टमधल्या अशा दुपारी लोक उगाच वाया घालवतात.

एक चूक हमखास होते. गाडी थांबवून लोक बॉनेटवरून पाहतात. इंजिनाची ऊब थेट भिंगासमोर चढत असते, मग पहाटे साडेसहालाही चित्र नाचतं आणि खापर दुर्बिणीवर फुटतं. एसी चालू ठेवून खिडकी अर्धी उघडली तरी तेच, आतली गार आणि बाहेरची गरम हवा काचेच्या तोंडाशीच मिसळते. इंजिन बंद, एसी बंद, खिडकी पूर्ण खाली, आणि पाहायचं ते बाजूच्या खिडकीतून.

आपली अडचण हवेची आहे की दुर्बिणीची हे कळायला सोपी चाचणी आहे. शंभर मीटरवरची पाटी वाचा, मग किलोमीटरभरावरचा विजेचा खांब पाहा. पाटी कोरल्यासारखी आणि खांब पाण्यात बुडाल्यासारखा दिसला, तर दोष हवेचा. पाटीच पुसट असेल तर दुर्बिणीचा.

आठ की दहा?

हात थरथरतो, ते थरथरणंही तितक्याच पटींनी वाढतं. सरावाचा माणूस दहा पटी हातात धरू शकतो. बहुतेकांना उभ्याने, वाऱ्यात ते जमत नाही, आणि माळावर वारा असतोच. आठ पटींत स्थिर चित्र, जास्त प्रकाश, रुंद दृश्य, तिन्ही मिळतं. नान्नज, मार्डी, वडाळा पट्ट्यात फिरायचं तर ८×४२ घ्या, फार विचार करू नका.

अपवाद आहेत. हिप्परगा तलावावर किंवा उजनीच्या पाणफुगवट्यावर बदकं, पट्टकादंब, रोहित पाहायचे तर पक्षी लांब आणि जागच्या जागी असतात, आणि सकाळची पाण्यावरची हवा बरीचशी शांत. तिथे १०×४२ चालते. खरी मजा तिथे ट्रायपॉडवरच्या स्पॉटिंग स्कोपची आहे, आणि त्याला २०-६० ची झूमही चालते, कारण त्यात एकच नळी असते. हात कापत असतील तर सात पटी. शाळकरी मुलांसाठी ८×३२: वजन पाचशे-साडेपाचशे ग्रॅम, आणि तिचे दोन आयपीस जास्त जवळ येतात का ते पाहून घ्या. प्रौढांच्या बऱ्याच दुर्बिणी ५६ मिमीच्या खाली मिटत नाहीत, मुलांच्या डोळ्यांतलं अंतर त्याहून कमी असू शकतं.

झूम दुर्बिणीत दोन्ही नळ्यांतली भिंगं एका पट्टीने एकत्र सरकवावी लागतात. ती पट्टी किंचित ढिली झाली की डावीकडे बारा पटी आणि उजवीकडे साडेबारा. मेंदू ही दोन चित्रं जुळवायची धडपड करतो, आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं.

प्रिझम आणि कोटिंग, थोडक्यात

प्रिझम म्हणजे उलटं चित्र सुलटं करणारी आतली काच, कोटिंग म्हणजे काचेवरचा लेप. पोरो म्हणजे जुन्या वळणाची, खांदे असलेली दुर्बीण. रूफ म्हणजे सरळ नळ्यांची. दहा हजारांच्या आत असाल तर पोरो घ्या. रूफ प्रिझम अचूक घासायला महाग पडतो, स्वस्तात तो बिघडवलेलाच मिळतो. त्याच्या वरच्या पैशात रूफ घेणार असाल तर ‘फेज कोटिंग’ लिहिलेलं पाहिजे, त्याविना चित्र फिकट येतं. प्रिझमची काच बाक-४ हवी, बीके-७ नको.

कोटिंगबाबत ‘फुली मल्टिकोटेड’ एवढेच शब्द ग्राह्य धरा. नुसतं ‘कोटेड’ किंवा ‘मल्टिकोटेड’ म्हणजे एखाद-दुसऱ्या पृष्ठभागावर थर दिलेला असतो. पुढची भिंगं लालभडक चमकत असतील तर ती दुर्बीण खाली ठेवा. त्या लेपामुळे लाल प्रकाश परत फिरतो, गवत हिरवट-निळं दिसतं, आणि काळवीटाच्या मादीचा तपकिरी रंग ओळखू येत नाही.

नायट्रोजन भरलेली, सीलबंद असेल तर चांगलं. ओल आत शिरत नाही आणि आपल्याकडे त्याहून महत्त्वाचं म्हणजे धूळ शिरत नाही.

दुकानाच्या दारात उभं राहून

दुर्बीण काउंटरवर तपासू नका, बाहेर या. नवी पेठेत असाल तर रस्त्यापलीकडच्या पाट्या, तारा, पाण्याच्या टाक्या सगळं समोर आहे. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नका, डोळा कायमचा जातो.

पहिलं काम, हातभर लांब धरून आयपीसमध्ये पांढऱ्या आकाशाची वर्तुळं बघा. ती गोल हवीत. कडांना राखाडी चपटे कोपरे दिसले तर प्रिझम हलक्या प्रतीचा आहे.

मग बटर पेपर आणि पट्टी. आयपीसमागे एक-दीड सेंटीमीटरवर कागद धरा आणि पुढे-मागे करत वर्तुळाची कड रेखीव करा, मग मोजा. ८×४२ ला सव्वापाच मिमी आलं पाहिजे. चारच भरलं, तर ४ गुणिले ८ म्हणजे ३२. पुढे काच ४२ ची दिसत असली तरी आतल्या कड्या प्रकाश अडवतात आणि तुम्ही ३२ ची दुर्बीण घेताय. किंवा मग आठ पटींचा दावाच खोटा आहे. ही चाचणी सुरू केली की दुकानदार बहुधा दुसरं मॉडेल काढतो.

तिसरं, दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का. समोरच्या गच्चीची आडवी कड दोन्ही डोळ्यांनी पाहा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटीमीटर लांब न्या. डाव्या आणि उजव्या आयपीसमध्ये कड एकाच उंचीवर राहिली पाहिजे. वर-खाली झाली तर ती घेऊ नका. आडवा फरक डोळे थोडाफार सावरून घेतात, उभा फरक सावरता येत नाही. सोबत पाच मिनिटं सलग पाहा. डोळे ओढल्यासारखे वाटले तर कारण हेच.

आकाशासमोरच्या काळ्या तारेकडे पाहा. मधोमध धरलेल्या तारेला जांभळी-हिरवी किनार दिसली तर काच सामान्य आहे. दृश्याच्या कडेला थोडी किनार चालते. शेवटी मोबाइलचा टॉर्च पुढच्या भिंगातून आत मारा आणि तिरक्या नजरेने बघा. दोन-चार कण असतातच. कोळ्याच्या जाळीसारखे धागे म्हणजे बुरशी; जुनी दुर्बीण घेताना हे आधी बघायचं. फोकसचं चाक फिरवताना सुरुवातीला पोकळ फिरत असेल, किंवा बिजागरी आपल्या वजनाने मिटत असेल, तर उन्हाळ्यात ती आणखी ढिली होईल.

जुळवणी: एकदाच, पण नीट

लोक दुर्बीण घेतात आणि डायॉप्टरला, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक जुळवायच्या आयपीसवरच्या कडीला, हातच लावत नाहीत, मग वर्षभर एका डोळ्याने पाहतात. पायऱ्या अशा:

१. चष्मा लावून पाहणार असाल तर आयपीसचे रबरी कप खाली, नाहीतर वर.
२. बिजागरी मिटत-उघडत दोन वर्तुळांचं एक करा. मोजपट्टीवरचा आकडा लक्षात ठेवा, बहुतेकांचा साठ ते सत्तरच्या मधे येतो.
३. शंभर मीटरवरची अक्षरांची पाटी निवडा. उजवं पुढचं भिंग तळहाताने झाका. डोळा मिटू नका, एक मिटला की दुसराही आकसतो. मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा.
४. आता डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसची कडी फिरवा. आधी पूर्ण पुसट करा, मग परत येताना जिथे पहिल्यांदा अक्षरं स्पष्ट होतील तिथे थांबा. पुढे-मागे घोळत बसलात तर डोळा स्वतःच फोकस ओढून घेतो आणि जुळवणी चुकते.
५. कडीवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा. दुसऱ्याने हाताळली की ती हमखास सरकते.

माळावर

आधी उघड्या डोळ्याने जनावर हेरा. नजर तिथेच रोखून दुर्बीण डोळ्यांशी आणा, खाली पाहून दुर्बीण शोधू नका. सोबत्याला जागा सांगायची तर हात लांब करून बोटं मोजा: एक बोट साधारण दोन अंश. ‘त्या एकट्या बाभळीच्या उजवीकडे तीन बोटं’ म्हटलं की आठ अंशांच्या दुर्बिणीत बाभूळ डाव्या कडेला ठेवताच जनावर दृश्यात आलंच.

शोधताना दुर्बीण सलग फिरवू नका. एक चौकट, चार-पाच सेकंद स्थिर, मग थोडं आधीचं दृश्य ठेवून पुढची. गवतात बसलेली हरणं आकाराने दिसत नाहीत. कान हलला, शेपूट झटकली की दिसतात, आणि ते टिपायला दुर्बीण थांबलेली लागते. लांडगा तर बांधाच्या सावलीत मातीच्या रंगात मिसळून पडलेला असतो. हिवाळ्यात भोवत्या पक्षी गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून उडतो, त्याच्यामागे दुर्बीण फिरवताना रुंद दृश्याचं मोल कळतं.

हात स्थिर करायला कोपरं बरगड्यांना टेकवा, टोपीची झडप दोन बोटांनी दुर्बिणीसकट धरा. गाडीच्या खिडकीसाठी कापडी पिशवीत दीड-दोन किलो ज्वारी भरून शिवून टाका, पिशवी पाऊणच भरा म्हणजे ती खिडकीच्या कडेवर नीट बसते. पावसाळ्यात ज्वारी काढून प्लॅस्टिकचे मणी भरा, नाहीतर पोरकिडे होतात. मानेला पट्टा काचतो. साडेसहाशे-सातशे ग्रॅम दिवसभर वागवायचे तर पाठीवरून जाणारा हार्नेस घ्या.

अभयारण्यात जाण्याआधी वनखात्याकडे नोंद करा. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं ते माळढोकासाठी, आता तो पक्षी दिसणं फार विरळा. दिसलाच तर जवळ जाऊ नका आणि जागा मोबाइलवर कोणाला पाठवू नका. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि हुसकावली गेली की ते उघडं पडतं.

धूळ, ऊन, बुरशी

सोलापूरच्या धुळीत बारीक खडीसारखे कण असतात. शर्टाच्या टोकाने किंवा उपरण्याने काच पुसली की ते कण काचेवर घासले जातात आणि कोटिंगला बारीक ओरखडे पडतात. आधी रबरी ब्लोअरने फुंकर, मग मऊ ब्रश, उरलेला डाग मायक्रोफायबरवर एक थेंब लेन्स क्लीनर घेऊन मधून बाहेर. क्लीनर थेट काचेवर शिंपडू नका, कडेने आत झिरपतो.

मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर दुर्बीण ठेवणं टाळा. आतलं वंगण पातळ होतं, त्याचा पातळ थर भिंगांवर बसतो आणि मग चित्र कायमचं धुरकट होतं.

पावसाळ्यात चामडी किंवा कापडी खोळीत ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाका, पाच लिटरच्या डब्याला साधारण पन्नास ग्रॅम, आणि रंग बदलणारं घ्या म्हणजे कधी वाळवायचं ते कळतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक असेल तर आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. त्याहून फार कोरडंही नको, जुन्या दुर्बिणींचं रबर कडक होतं.

दुर्बीण पडली आणि त्यानंतर एकाची दोन चित्रं दिसू लागली तर स्क्रू शोधून स्वतः खोलू नका. बऱ्याच दुर्बिणींत रबराच्या आवरणाखाली प्रिझम हलवायचे बारीक स्क्रू असतात. ते अंदाजाने फिरवले की एका जागी नळ्या जुळतात आणि बिजागरी हलवली की पुन्हा सुटतात. हे काम कोलिमेटर, म्हणजे दोन्ही नळ्या एका रेषेत आणायचं यंत्र, असलेल्या दुरुस्ती केंद्राचं आहे. स्वस्त दुर्बिणीला तो खर्च नव्या दुर्बिणीइतकाच येतो, म्हणून खरेदीच्या वेळीच वॉरंटीत अलाइनमेंट धरलेलं आहे का ते विचारून बिलावर लिहून घ्या.